मुरणाऱ्या वाइनची भिस्त आंबटपणावर

मार्चमध्ये कडवंचीच्या बागेतला पिकला मणी तोंडात टाकला, की जिभेला आधी गोडी लागते. आंबटपणा शोधावा लागतो. जालना तालुक्यातल्या या गावाने 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने पाणी अडवलं आणि पुढे शेततळ्यांच्या बळावर दुष्काळी मुलखात द्राक्षं पिकवली. खायच्या द्राक्षाला ही गोडी हवीच. वर्षानुवर्षं मुरणारी वाइन मात्र आंबटपणावर उभी असते.

इटलीत तोर्तोनाच्या टेकड्यांवर तिमोरासो नावाचं स्थानिक पांढरं द्राक्ष आहे. फिलॉक्सेरा किडीने बागा बसल्यावर शेतकऱ्यांनी जास्त माल देणारं कोर्तेझे लावलं आणि तिमोरासो नामशेष व्हायच्या बेतात आलं. 1980 च्या दशकात वॉल्टर मास्सा या बागायतदाराने ते पुन्हा वर आणलं. या द्राक्षाची ताजी वाइन चांगलीच आंबट लागते. काही वर्षं बाटलीत मुरली, की रंग सोनेरी होतो, मधाची छटा येते आणि पाठोपाठ चक्क रॉकेलसारखा वास!

हा वास बिघाडाचा नव्हे. द्राक्षातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं तुटून बनलेले काही रेणू साखरेला बांधलेले असतात, म्हणून त्यांना वास नसतो. वाइनमधलं आम्ल ती गाठ सावकाश सोडवतं आणि त्यातून टीडीएन नावाचं वासाचं संयुग तयार होतं. आम्ल राखणही करतं. आम्ल जास्त, तसा पीएच कमी. पीएच 3.0 असेल तर वाइनमधल्या मुक्त सल्फर डायऑक्साइडचा सुमारे 6 टक्के भाग जंतूंना रोखणाऱ्या रूपात असतो, पीएच 3.5 वर तो 2 टक्क्यांवर येतो.

मग आपल्याकडे आंबटपणा जातो कुठे? मणी श्वसनात स्वतःचं मॅलिक आम्ल जाळतो, आणि जितकी उष्णता जास्त तितकं ते लवकर संपतं. तोर्तोनात द्राक्ष सप्टेंबरमध्ये, रात्री गार होत असताना पिकतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरचा घड उन्हाळा चढत असताना भरतो. हंगामाची दिशाच उलटी.

मराठवाड्यात वाइनचं द्राक्ष लावू पाहणाऱ्यांनी म्हणूनच ब्रिक्ससोबत (म्हणजे साखरेसोबत) आम्ल आणि पीएचही मोजावा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने उन्हातही आंबटपणा धरून ठेवणाऱ्या जाती आपल्या भागात लावून पाहाव्यात.