सर्व्हर वरच्या मजल्यावर गेला, तरी वेबसाइट सापडते कशी?

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 55 फुटांवर गेली होती. इथली धोका पातळी आहे 43 फूट. शाहूपुरीसारख्या भागात तळमजल्यांत पाणी शिरलं. अशा भागातल्या ऑफिसात वेब सर्व्हर तळमजल्यावर असेल, तर पावसाळ्याआधीच तो वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या मशीनवर हलवलेला बरा. पण मशीन बदललं, तर लोकांना वेबसाइट सापडेल का?

सापडेल. कारण बाहेरच्या लोकांना तुमचं मशीन दिसतच नाही. त्यांना दिसतो तो राउटरचा सार्वजनिक आयपी पत्ता. ऑफिसातल्या मशीनचे पत्ते 192.168.1.10 अशा प्रकारचे असतात आणि ते फक्त आतल्या नेटवर्कपुरते चालतात. राउटरमध्ये एक नियम लिहिलेला असतो: 443 नंबरच्या पोर्टवर जे येईल, ते 192.168.1.10 कडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. अपार्टमेंटचा वॉचमन पाहुण्याला योग्य फ्लॅट दाखवतो, तसंच हे.

मग बदलायचं काय?

मार्ग दोन आहेत. नव्या मशीनला नवा पत्ता देऊन राउटरमधला नियम बदला. किंवा जुन्या मशीनचाच पत्ता नव्याला द्या. मग नियमाला हात लावावा लागत नाही आणि ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटरही नेहमीच्याच पत्त्यावर जातात. मात्र आधी जुनं मशीन नेटवर्कमधून काढा. एकच पत्ता दोघांकडे राहिला, तर वेबसाइट कधी उघडेल, कधी नाही.

चूक कुठे होते?

फाइल्स कॉपी होतात, पण डेटाबेस आठवड्यापूर्वीचा राहतो. मधल्या काळातल्या ऑर्डर गायब! म्हणून शेवटची कॉपी घेण्याआधी नव्या नोंदी थांबवा. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आणि त्याची की सोबत न्या. नव्या मशीनच्या फायरवॉलमध्ये 443 पोर्ट उघडा.

शेवटी मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर वेबसाइट उघडून बघा. ऑफिसच्या वायफायवर उघडली म्हणजे बाहेरही उघडेलच, असं नाही.

आणि जुनं मशीन लगेच पुसू नका. काही दिवस तेही वरच्या मजल्यावरच ठेवा. काही राहून गेलं असेल, तर ते तिथेच सापडेल.