मुन्नारच्या चहामळ्यात आम्ही अकरा जणी

सकाळी घरातली पहिली उठलेली बाई आधी काय करते? आधण ठेवते. डबा रिकामा झाला की दुकानातून पाव किलो चहापूड आणते. ही पूड कुठून येते, कुणाच्या हातून येते, हे आम्हाला तरी ठाऊक नव्हतं. आमच्या बचत गटाच्या अकरा जणी गेल्या हिवाळ्यात केरळातल्या मुन्नारला जाऊन आल्या, तिथलंच आज सांगणार आहोत.

आधी पैशाचं बोलू, कारण गावात पहिला प्रश्न तोच आला. गटाच्या खात्यातला एक रुपयाही आम्ही काढला नाही. तो पैसा कर्जवाटपाचा, त्याला हात लावायचा नाही. सहलीसाठी वेगळी भिशी लावली आणि चौदा महिने पैसे साठवले. तरी "चहा प्यायला केरळात कशाला जाता, टपरीवर मिळतो की," असं ऐकावं लागलंच. देवदर्शनाला निघालो असतो तर कुणी काही बोललं नसतं.

रत्नागिरीला संध्याकाळी नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसलो आणि दुसऱ्या दिवशी आलुव्याला उतरलो. तिथून मुन्नार साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर. नेरियमंगलमला पेरियार नदीवरचा पूल ओलांडला की घाट सुरू होतो. चीयप्पारा आणि वालरा हे दोन धबधबे रस्त्याला लागूनच आहेत. वळणं इतकी की दोघींना उलट्या झाल्या. आवळासुपारी आणि लिंबू हाताशी ठेवा. दुपारी कुडुंबश्रीच्या खानावळीत जेवलो. आपल्याकडे जसं 'उमेद'चं काम चालतं, तसं केरळात १९९८ पासून कुडुंबश्रीचं. वाढणाऱ्या बायका गटाच्याच. आम्हीही गटाच्या, हे कळल्यावर दुसऱ्यांदा सांबार आलं.

मुन्नार म्हणजे तीन नद्या. मुथिरप्पुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तीन नद्या गावात एकत्र येतात. समुद्रसपाटीपासून उंची दीड हजार मीटरच्या वर. आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. पहिल्यांदा डोंगर दिसले तेव्हा गाडीतलं बोलणंच थांबलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चहाची झुडपं, आणि ती इतकी सारखी की कुणी हिरवी गोधडी टाचून अंथरलीय असं वाटावं. मधे मधे उंच सिल्व्हर ओकची झाडं, सावलीसाठी आणि वारा अडवण्यासाठी लावलेली.

पण हे डोंगर पूर्वी असे नव्हते. इथे रान होतं आणि मुथुवान आदिवासी राहत होते. १८७७ साली जॉन डॅनियल मन्रो या इंग्रजाने पूंजारच्या राजाकडून ही जमीन करारानं घेतली. रान तोडून आधी कॉफी लावून पाहिली, हिवतापाच्या औषधाचा सिंकोना लावून पाहिला. १८८० साली ए. एच. शार्प यांनी पार्वती नावाच्या मळ्यात थोडा चहा लावला आणि तो या हवेला मानवला. मग कंपन्या आल्या आणि डोंगरामागून डोंगर चहाखाली गेले.

राबायला माणसं कुठून आणली? शेजारच्या तमिळ मुलखातून, बहुतेक दलित कुटुंबं. कंपनीचा माणूस गावात जाऊन आगाऊ रक्कम द्यायचा आणि घरच्या घर डोंगरावर घेऊन यायचा. त्याला कंगाणी म्हणत. हे ऐकून आमच्या बीडकडच्या वैनी म्हणाल्या, "म्हणजे मुकादम आणि उचल!" त्यांच्या माहेरची माणसं ऊसतोडीला जातात, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. आजही मळ्यांत तमिळच जास्त ऐकू येते. केरळात राहून त्यांची चौथी-पाचवी पिढी चालू आहे.

त्या काळी माल खाली न्यायलाही मोठा खटाटोप होता. कुंडला खोऱ्यात छोटी आगगाडी टाकली होती. तिनं चहाच्या पेट्या टॉप स्टेशनला जायच्या, तिथून तारेवरच्या पाळण्यांतून खाली तमिळ बाजूला, मग बोडिनायक्कनूरमार्गे तुतिकोरीन बंदरात. १९२४ च्या महापुरात ती आगगाडी वाहून गेली, ती पुन्हा झालीच नाही. नल्लतण्णी मळ्यातल्या चहाच्या संग्रहालयात तिची चाकं ठेवलीत. १९०५ सालचं पानं वळायचं यंत्र आहे, १९१३ सालचं दगडी सूर्यघड्याळही आहे. हे संग्रहालय सोमवारी बंद असतं, जाणार असाल तर बेत त्याप्रमाणे करा.

याच संग्रहालयात चहा कसा बनतो ते चालू यंत्रांवर दाखवतात. आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला.

चहाचं झुडूप मोकळं सोडलं तर त्याचं मोठं झाड होतं. छाटून छाटून कमरेएवढं ठेवतात, म्हणजे हात पोचतो आणि फुटवा भरपूर येतो. नीट राखलेलं झुडूप शंभर वर्षंही पीक देतं. खुडायचं ते शेंड्याचं, दोन पानं आणि एक कोंब. दहा-पंधरा दिवसांनी त्याच झुडपाकडे परत यायचं. आता बऱ्याच ठिकाणी पिशवी लावलेली मोठी कात्री वापरतात. तिनं काम भराभर होतं, पण खांदे भरून येतात.

खुडलेली पानं कारखान्यात आली की बारा ते अठरा तास हवेवर सुकवतात, म्हणजे ती मेथीच्या जुडीसारखी मलूल पडतात. मग दातेरी रुळांतून जातात. चिरणं, फाडणं, वळवणं, या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीटीसी म्हणतात. बाहेर पडतो तो हिरवा ओला चुरा. तो हवेत ठेवला की आपोआप तांबूस होतो. चिरलेलं वांगं पाण्यात न टाकता ठेवलं तर काळं पडतं ना, तसंच हे. चहाचा रंग आणि कडकपणा इथेच तयार होतो. वेळेवर थांबवायचं हेच कसब. गरम हवेच्या भट्टीत घातलं की ही क्रिया थांबते आणि पूड काळी, कोरडी होते. चार-साडेचार किलो ओल्या पाल्याची एक किलो पूड होते. ग्रीन टी म्हणून महाग विकतात तोही याच झुडपाचा. त्यात पानं तांबूस होऊ न देता आधीच वाफेनं किंवा तव्यावर गरम करतात, एवढाच फरक.

शेवटी चाळण्या. जाड दाणे वेगळे, बारीक वेगळे, आणि सगळ्यात खाली येते ती डस्ट. आता ऐका. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की डस्ट म्हणजे कारखान्यातली झाडलोट. तसं अजिबात नाही. पानं तीच, दाणा बारीक. बारीक असल्यामुळे रंग पटकन उतरतो आणि थोड्या पुडीत जास्त कप होतात. म्हणून टपरीवाले आणि आपण तीच घेतो. जाड दाण्याला रंग कमी पण वास छान, तो जास्त उकळू नये.

सुटी पूड घेणाऱ्यांनी एक करून बघा. पांढऱ्या टीपकागदावर चिमूटभर पूड पसरा, वर थोडं पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पूड काढून कागद धुवा. कागदावर रंगाचे डाग राहिले तर पुडीत रंग मिसळलेला आहे. पुडीतून लोहचुंबक फिरवलं की लोखंडाचा कीसही कळतो. आमच्या गटातून पापड-मसाल्याबरोबर चहापूडही विकायचं चाललं होतं. ती घेण्याआधी आता हे दोन्ही करतो.

दुसऱ्या दिवशी मळ्यातून जाणाऱ्या रस्त्याला चालत निघालो. उतारावर सात-आठ बायका खुडत होत्या. डोक्याला फडकं, कमरेला प्लॅस्टिकचा कागद, पायात गमबूट. आमच्यातल्या एकीनं मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. त्यातल्या एका बाईनं तोंड फिरवलं. बोलली काहीच नाही, नुसतं तोंड फिरवलं. आम्ही भातलावणी करताना रस्त्यावर गाडी थांबवून कुणी पर्यटक फोटो काढू लागला तर आम्हीही हेच करतो. मोबाइल पिशवीत गेला. आमच्या काकींनी आंबापोळी बाहेर काढली.

त्यांच्या विश्रांतीची वेळ झाली तशी त्या वर आल्या. आमच्या गाडीच्या चालकाला तमिळ आणि मोडकं हिंदी येत होतं, त्यानं मधे बोलणं पोचवलं. त्यांनी आधी विचारलं, तुम्ही काय काम करता? आम्ही सांगितलं, काजू सोलतो, किलोवर पैसे मिळतात. त्या हसल्या. त्यांनाही रोज ठरलेला पाला खुडावा लागतो, त्याच्या वर खुडलं तर किलोवर जादा. मग वजनकाट्याच्या गोष्टी निघाल्या आणि चालकाची फार गरज राहिली नाही.

त्यांच्याकडून आणि पुढे वाचून आम्हाला २०१५ सालची हकिगत कळली, ती प्रत्येक गटानं ऐकावी अशी आहे. २००५ मध्ये टाटांनी हे मळे सोडले आणि नवी कंपनी झाली. बारा हजारांहून जास्त कामगार तिचे भागधारक झाले. कागदावर मालकच म्हणा. पण २०१५ मध्ये नफा घटला म्हणून बोनस वीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणला गेला. तेव्हा मजुरी होती दिवसाला २३२ रुपये. मळ्यांत मोठमोठ्या कामगार संघटना होत्या, पण पुढारी सगळे पुरुष. बायकांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला होता. सप्टेंबरमध्ये हजारो बायका मुन्नारच्या रस्त्यावर येऊन बसल्या. संघटनेच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. नऊ दिवस बसल्या. तेव्हाचे विरोधी पक्षनेते व्ही. एस. अच्युतानंदन येऊन त्यांच्यात बसले, त्यांना मात्र त्यांनी बसू दिलं. शेवटी बोनस आणि वर सानुग्रह रक्कम मिळून वीस टक्के मिळाले. मजुरी पाचशे मागितली होती, ती पुढच्या महिन्यात ३०१ ठरली. या बायकांच्या एकजुटीचं नाव पेंबिळै ओरुमै. ओरुमै म्हणजे एकी. त्याच वर्षी पंचायतीच्या निवडणुकीत त्यांनी काही जागाही जिंकल्या.

पुढचंही सांगायला हवं. नंतर या एकजुटीत फूट पडली, पुढे असलेल्या बायका एकमेकींपासून दुरावल्या. गट चालवणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायला नको. नऊ दिवस रस्त्यावर बसण्यापेक्षा नऊ वर्षं हिशेब एकत्र ठेवणं कठीण, असं आमच्या काकी म्हणाल्या आणि आम्ही कुणी त्यांना खोडून काढलं नाही.

निघताना आम्ही विचारलं, घर कुठे? एकीनं खाली बोट दाखवलं. लांबलचक ओळीत बांधलेल्या खोल्या, आपल्याकडच्या चाळीसारख्या. त्यांना लयम म्हणतात. मळ्यावर काम करणाऱ्यांना घर, दवाखाना, पाळणाघर द्यायचं, असा १९५१ चा कायदा होता, त्यातूनच ही व्यवस्था चालत आली. घराला भाडं नाही. पण घर नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबर जातं. घरातलं कुणी मळ्यावर कामाला राहिलं नाही, तर खोली सोडायची. आयुष्यभर तिथे राहिलेल्या बाईला निवृत्तीनंतर जायला जागा नसते. म्हणून मुलगी शिकलेली असली तरी कुणीतरी मळ्यावर नाव लावून ठेवतं.

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री इथून जवळच, पेट्टिमुडीला, अशाच लयमांवर डोंगर खचून आला. सत्तर माणसं गेली. त्यांची घरं कुठे असावीत हे त्यांनी कधी ठरवलेलंच नव्हतं. त्यानंतर वर्षाच्या आत, २२ जुलै २०२१ ला, आपल्या महाडजवळ तळियेवर दरड आली, ती आम्ही कुणीच विसरलेलो नाही. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

बाकी मुन्नारात बघण्यासारखं पुष्कळ आहे. इरविकुलमच्या राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहर नावाची रानबकरी अगदी जवळून दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची वीण असते, तेव्हा ते बंद ठेवतात. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी २०१८ ला फुलली होती, आता २०३० ला फुलेल. भिशी आत्तापासून लावली तर चालेल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहिवर गोठतं, चहाची पानं करपतात, तेव्हा शाल नव्हे, स्वेटर न्या. पावसाळ्यात जळवा असतात.

परत आल्यावर पहिल्या मंगळवारच्या बैठकीत सहलीचा हिशेब वाचला. शिल्लक राहिलेले पैसे अकरा जणींत वाटून दिले. मुन्नारची पूड टाकून चहा केला, तो सगळ्यांनाच थोडा पातळ वाटला. मग वैनींनी विचारलं, आपण राहतो ती घरं कुणाच्या नावावर आहेत? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं, हे आम्हाला माहीत होतं, प्रशिक्षणात सांगितलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन उतारे काढले. अकरापैकी तिघींची नावं होती. उरलेल्या आठ जणींपैकी सहा जणींनी अर्ज दिले आहेत. दोघींच्या घरी अजून बोलणं चालू आहे.