फोनचे लाड पुरे झाले!

हॉस्टेलमध्ये माझी ओळख ‘रॉमवाला’ अशी होती. कुणाचा फोन हँग होतोय, कुणाची बॅटरी टिकत नाहीये, की स्वारी थेट माझ्या खोलीत! बूटलोडर अनलॉक करा, कस्टम रॉम टाका, लाँचर बदला, आयकॉन बदला... रात्रीचे दोन कधी वाजायचे कळायचंही नाही.

हा नाद माझ्या एकट्याचा नव्हता. २००९ मध्ये सुरू झालेल्या सायनोजेनमॉडने कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी अँड्रॉइड फोनना नवं आयुष्य दिलं. २०१४ चा वनप्लस वन तर हीच सिस्टीम घेऊन बाजारात उतरला होता. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड थांबलं आणि लिनियजओएसने तो वारसा पुढे नेला.

पण मधल्या काळात फोनचं काम बदललं. आता तो पाकीट आहे, तिकीट आहे, ओटीपीची पेटी आहे. फोनमध्ये फेरफार झालेत का, हे बँकांची ॲप्स तपासतात आणि संशय आला की उघडतच नाहीत. त्यावर जुगाड शोधायचा, तो पुढच्या अपडेटला बंद पडला की नवा शोधायचा. मला त्यातही मजा वाटायची.

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सकाळपर्यंत. आदल्या रात्री ‘फक्त एक अपडेट’ टाकलं आणि सकाळी फोन लोगोवरच अडकला. रूममेटच्या लॅपटॉपवर मेल उघडायला गेलो, तर कोड देणारं ॲप त्याच बंद फोनमध्ये! इंटरव्ह्यूची लिंक मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. नोकरी फोनमुळेच हुकली असं म्हणणार नाही. पण ‘सर, फोन बंद पडला’ म्हणताना मला माहीत होतं, तो मीच बंद पाडला होता.

मग आतेभावाचा जुना आयफोन घेतला. ‘मूव्ह टू आयओएस’ ॲपने फोटो आणि नंबर आले. २०२२ पासून व्हॉट्सॲपचे चॅटही असे नेता येतात. फक्त हे काम फोन पहिल्यांदा सेट करतानाच उरका. पहिला आठवडा बोटं बॅक बटण शोधत होती. होम स्क्रीनवर विजेट्स यायला इथे २०२० उजाडलं आणि आयकॉन हवा तिथे ठेवायला २०२४! मित्रांनी यथेच्छ खेचली. पण महिन्याभराने लक्षात आलं, आपण फोनबद्दल विचारच करत नाहीयोत.

म्हणून उठून हप्त्यावर आयफोन घेऊ नका. विश्वासूपणा ही काही एकाच कंपनीची जहागीर नाही. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षं अपडेट द्यायचा शब्द दिलाय. फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी ‘अपडेट किती वर्षं?’ हे विचारा. सेकंडहँड घेत असाल तर त्यातली किती उरलीत, तेही. आणि कोड देणाऱ्या ॲपचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. आजच!

जुना फोन अजून ड्रॉवरमध्ये आहे. सुट्टीत त्यावर नवी रॉम टाकून बघतो. तो बिघडला तरी आता कुणाचं काही अडत नाही.

परवा आई म्हणाली, ‘‘हल्ली तुझा फोन लागतो रे!’’

एवढा एकच रिव्ह्यू पुरे आहे.