बाबांचं रीळ आणि अलिबागचं पाणी

दीपनगरमध्ये वाढलेल्या माणसासाठी पाणी म्हणजे तापी! वीजकेंद्राच्या कॉलनीत सुट्टी लागली, की बाबा आणि मी गळ घेऊन हतनूर धरणाकडे निघायचो. बाबांचं ते रीळ इतकी वर्षं गोड्या पाण्यात फिरलं, पण कधी गंजलं नाही.

मग एका वीकेंडला मित्रांसोबत अलिबागला गेले आणि तेच रीळ नेलं. परतल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात. पंधरा दिवसांनी उघडली, तर गळ तांबूस, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि हँडल जाम. बाबांना काय सांगणार?

"काय करून राहिली पोरी? समुद्राच्या एका लिटरमध्ये 35 ग्रॅम क्षार असतात!" कॉलनीतले निवृत्त काका म्हणाले. क्षारातलं क्लोराइड स्टीलवरचा संरक्षक पापुद्रा फोडतं. त्यात अॅल्युमिनियमला स्टीलचा स्क्रू लागून असेल, तर खाऱ्या पाण्यात चक्क बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजतं. जहाजांच्या तळाला जस्ताचे तुकडे लावतात ते याचसाठी. आधी जस्त झिजतं, जहाज वाचतं.

तेव्हा मंडळी, खरेदीचा फंडा असा. ब्राँझ रंगाचे स्वस्त गळ नदीसाठी ठीक. समुद्रासाठी टिनचा मुलामा असलेले किंवा स्टेनलेसचे घ्या. मुलामा खरवडला, की तो गळ बाद. नुसतं 'स्टेनलेस' वाचून भुलू नका. 304 पेक्षा 316 बरं, कारण त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडला अडवतं. रीळची बॉडी ग्राफाइटची किंवा अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची, बेअरिंग सीलबंद. रॉडवरच्या कड्या टायटॅनियमच्या असतील तर उत्तमच, फक्त खिसा सांभाळा!

पण कुठलाच धातू अमरपट्टा घेऊन येत नाही. घरी आल्याबरोबर सगळं गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराचा फवारा मारलात, तर मीठ आत जातं. मग वाळवा, तेलाचा एक थेंब द्या. वापरलेला ओला गळ डबीत परत टाकू नका, शेजारचेही गंजतात.

काकांनी रीळ उघडून बेअरिंग बदललं. ते पुन्हा फिरतंय, पण अॅल्युमिनियमवरचे खड्डे काही गेले नाहीत. बाबांनी ते पाहिले, बोटानं चाचपले आणि एवढंच म्हणाले, "हे आता तापीवरच ने."

समुद्रासाठी मी दुसरं घेतलंय.