खासगीचं तुळशीपत्र

बुऱ्हाणपुरात दानशूरपणाचा विषय निघाला की अब्दुर्रहीम खानखानाचं नाव ओघाने येतं. १६१५ च्या सुमाराला त्याच्या अमलात झालेला कुंडी भंडारा सातपुड्याचा पाझर जमिनीखालून शहरात आणतो. पण ते झालं सुभेदाराचं काम. एखाद्या घराण्याने आपल्या वेगळ्या ठेवलेल्या उत्पन्नातून पिढ्यानपिढ्या चालवलेला दानधर्म पाहायचा, तर खंडव्यावरून पुढे नर्मदाकाठी महेश्वर गाठावं.

होळकरांच्या घरात दोन तिजोऱ्या होत्या. फौजफाटा, किल्ले, कारभार यांचा खर्च दौलतीतून. दुसरी तिजोरी खासगीची. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर लावून दिली, तिचं उत्पन्न या तिजोरीत जमा होई. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि खासगी सून अहिल्याबाईंकडे आली. १७६७ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यावर बाईंनी या धनावर तुळशीपत्र ठेवलं, असं परंपरा सांगते. दानधर्म खासगीतून, लढाया दौलतीतून. एवढी साधी शिस्त त्या काळी किती संस्थानिकांनी पाळली असेल?

बाईंचं नाव घेतलं की काशी, सोमनाथ, गया इथली बांधकामं आठवतात. मला मात्र त्यांची खरी हुशारी नेमणुकीत दिसते. देऊळ एकदाच बांधायचं असतं. नंदादीपाला तेल रोज लागतं, पुजाऱ्याचं घर वर्षभर चालवावं लागतं. म्हणून बांधकामाच्या जोडीला बाईंनी वार्षिक खर्चाची तजवीज केली. दूरदूरच्या देवळांना दरवर्षी गंगाजल पोचवायची व्यवस्थासुद्धा त्यातच. इंग्रज अधिकारी माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलेले तपशील तर याहून बारीक: उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यावर पाणी घेऊन बसवलेली माणसं, हिवाळ्यात गरिबांना कपडे, महेश्वरच्या आसपास नांगराला जुंपलेल्या बैलांना मध्येच थांबवून पाणी पाजणं, पाखरांना खाता यावं म्हणून विकत घेतलेली उभी शेतं. ही यादी वाचून हसू येतं खरं, पण ‘लाभार्थी’ म्हणून बैलाचा विचार करणारी दुसरी संस्था मला ठाऊक नाही.

बाईंच्या काळापासूनचं लिंगार्चन महेश्वरच्या वाड्यात आजही चालतं. सकाळी ब्राह्मण मांडी घालून बसतात, मातीची चिमुकली शिवलिंगं वळतात, प्रत्येकावर तांदळाचा दाणा ठेवतात आणि लाकडी पाटावर ओळी लावत जातात. पूजा झाली की सगळं नर्मदेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

खरी ओढाताण सुरू झाली ती होळकरांचं इंदूर संस्थान विलीन झाल्यावर. १९४८ मध्ये खासगीची मालमत्ता सरकारजमा ठरली आणि तिच्या बदल्यात अहिल्याबाईंच्या धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे वेगळे काढण्याचं ठरलं. मेख आहे ती या ‘कायमचे’त. रक्कम कायम राहिली, रुपया राहिला नाही. देवळं, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा, कुंडं धरून देशभर २४६ मालमत्ता. भागाकार केला तर एकेकीच्या वाट्याला महिन्याला शंभर रुपयेही येत नाहीत. तेवढ्यात घाटाची पायरी बसवायची की पुजाऱ्याला द्यायचे?

इंदूरचे शेवटचे महाराज यशवंतराव होळकर १९६१ मध्ये निवर्तले. पुढच्या वर्षी त्यांच्या कन्या उषादेवींनी खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट स्थापन केला. विश्वस्तांत घराण्याची माणसं होती, तसे केंद्राचा प्रतिनिधी, इंदूरचे आयुक्त आणि बांधकाम खात्याचे अधीक्षक अभियंताही होते. एवढे सरकारी डोळे असूनही हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून वाद पेटला आणि कोर्टात गेला. ट्रस्टचं म्हणणं, आमचा ट्रस्ट खासगी. २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ट्रस्टच्या विरोधात निकाल दिला आणि आर्थिक गुन्हे शाखेची चौकशीही लावली. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी रद्द केली. पण ट्रस्ट सार्वजनिकच आहे, त्याला मध्य प्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो, हे कायम ठेवलं. नोंदणी करा, आणि आजवरच्या विक्रीत न्यासाचं नुकसान झालं का ते निबंधकांनी तपासावं, असा आदेश झाला.

मला हा निकाल पटतो. पैसा घराण्याच्या तिजोरीतून आला असेल, पण घाट बांधला तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. या कायद्याखाली वर्षाचे हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि निबंधकांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर विकता येत नाही.