सभागृहाची भिंत बोलकी करायची, पण कशाने?

मंगलाष्टके संपत आली, की व्यासपीठापुढे शूटिंगवाले आणि मोबाईलवाले यांची भिंत उभी राहते. मागच्या रांगेत बसलेल्या आज्जीला अंतरपाट कधी दूर झाला ते कळत नाही. अक्षता मात्र ती अंदाजाने टाकते! म्हणूनच आपल्या सीमाभागातल्या मंगल कार्यालयांत मोठा पडदा ही आता हौस राहिलेली नाही. प्रश्न पडतो तो समाजाच्या सभागृहाच्या कमिटीला. देणगीचे पैसे एकदाच खर्च करायचे, मग घ्यायचे काय?

प्रोजेक्टर सर्वांत स्वस्त. पण त्याला अंधार लागतो, आणि लग्नात अंधार कोण करणार? दिव्यांच्या झगमगाटात चित्र धुतलेल्या लुगड्यासारखे फिके पडते. प्लाझ्माचा विषय तर संपलाच. एके काळी श्रीमंती समजले जाणारे हे पडदे मोठ्या कंपन्यांनी २०१३-१४ च्या सुमारास बनवणे थांबवले. मागून प्रकाश टाकणारे डीएलपी ‘क्यूब’ नियंत्रण कक्षांसाठी उत्तम, पण त्यांची खोली व्यासपीठाची जागा खाते.

खरी निवड राहते ती एलसीडी आणि एलईडी यांच्यात. इथेच घोटाळा होतो, कारण दुकानातल्या टीव्हीवर ‘एलईडी’ लिहिलेले असले तरी तो असतो एलसीडीच. फक्त मागचा उजेड एलईडीचा. व्हिडिओ वॉलमधला एलईडी वेगळा. तिथे लाल, हिरवे, निळे बारीक दिवेच चित्र काढतात. लाल दिवा १९६२ सालीच निघाला होता, पण तेजस्वी निळ्यासाठी १९९० चे दशक उजाडावे लागले. त्या निळ्या दिव्याबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले.

एलसीडीची भिंत म्हणजे पंचावन्न इंची पॅनेल एकमेकांना चिकटवून केलेली चौकट. तीन बाय तीन अशी नऊ पॅनेल लावली, की साधारण बारा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच चित्र मिळते. अक्षरे सुरेख, जवळूनही स्वच्छ. दोष एकच, सांधे. चांगल्या पॅनेलमध्ये ते दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, तरी काळी रेघ दिसतेच. दोन बाय दोनची भिंत घेतली तर ही फुली बरोबर मध्यावर येते, म्हणजे नवरा-नवरीच्या तोंडावर! तीन बाय तीनमध्ये मधले पॅनेल तरी मोकळे राहते.

एलईडीत सांधा दिसत नाही. तिथे बघायची ती ‘पिच’, म्हणजे दोन दिव्यांमधले अंतर. पी अडीच म्हणजे अडीच मिलिमीटर. ढोबळ हिशेब असा, की जितके मिलिमीटर तितके मीटर तरी लांब बसावे. चित्र अगदी एकजीव दिसायला त्याच्या तिपटीहून अधिक अंतर हवे. वर सांगितलेल्याच आकारात पी अडीचला आडवे साधारण १४६० ठिपके बसतात, तर एलसीडीच्या नऊ पॅनेलमध्ये ५७६०.

हा फरक आपल्यासारख्या दुभाषी घरांना जास्त जाणवतो. आपल्याकडे पडद्यावर नावे मराठीत आणि कन्नडमध्येही येतात. ठिपके विरळ असले, की देवनागरीतला रफार आणि कन्नड अक्षराखालचे वत्तक्षर यांचा नुसता गोळा होतो. विहीणबाईंचे नाव चुकीचे वाचले गेले तर पुढचे आपण जाणताच. तीस ठिपके उंचीचे अक्षर पी दोनवर सहा सेंटिमीटरचे होते, पी चारवर बारा. म्हणजे विरळ पडद्यावर मजकूर कमी आणि मोठा ठेवावा लागतो.

भाड्याने येणारे एलईडी पडदे बहुधा पी ३.९ चे असतात. मोठ्या हॉलच्या मागच्या रांगांना ते पुरतात. मात्र बाहेरच्या उन्हासाठी बनवलेला पडदा आत लावू देऊ नये, डोळे दिपतात. आणि रिफ्रेश रेट विचारावा. तो कमी असला तर डोळ्यांना काही कळत नाही, पण शूटिंगमध्ये पडद्यावर आडव्या रेघा धावतात आणि त्या कायमच्या अल्बममध्ये जातात. ३८४० हर्ट्झ असला तर काळजी बरीच कमी.

आपला पावसाळा एलईडीला मानवत नाही. महिनोन्महिने बंद ठेवलेल्या पडद्यात ओल शिरते. मग एकदम भर प्रकाशात लावला, की ठिपके मरतात. पावसात अधूनमधून मंद प्रकाशावर चालवावा. मुलांचे हात लागूनही दिवे निखळतात, म्हणून खाली कठडा हवाच, किंवा वरून राळेचा थर दिलेला प्रकार घ्यावा. एलसीडीत बिघाड झाला तर अख्खे पॅनेल बदलावे लागते. एलईडीत छोटा तुकडा बदलून भागते. पण ते सुटे तुकडे खरेदीच्या वेळीच, त्याच खेपेतले घेऊन ठेवावेत. नंतर आणलेल्याचा रंग जुळत नाही, नव्या ठिगळासारखा उठून दिसतो.

सभा आणि व्याख्याने जास्त, हॉल लहान असेल तर एलसीडी. लग्ने जास्त, हॉल लांब असेल तर एलईडी, असे माझे मत. तरी विक्रेत्याच्या दुकानातली फिल्म पाहून हो म्हणू नये, ती नेहमीच सुंदर असते. त्याला पडद्याचा तुकडा आपल्या हॉलवर आणायला सांगावे, सगळे दिवे लावावेत, एखाद्या लग्नाची सीडी आणि दोन्ही लिप्यांतली पत्रिका दाखवावी. आणि कमिटीने पुढे न बसता आज्जीच्या जागेवर जाऊन बसावे.