इफ्तारपूर्वीची वीस मिनिटे

रोज्यात सर्वांत कठीण काय, असे विचारले की रोजा न धरणाऱ्यांना आधी तहान आठवते. ‘पाणीसुद्धा नाही?’ हा प्रश्न प्रत्येक रोजेदाराला ऑफिसात दर रमजानला एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा मागच्या वर्षीचाच असतो आणि तो खरोखर काळजीने विचारतो. सराईत रोजेदार मात्र सांगेल की तहान पहिल्या तीन-चार रोज्यांत अंगवळणी पडते. अंगवळणी पडत नाही ती असरच्या नमाजनंतरची वेळ. घसा कोरडा, डोके जड, आणि नेमकी तेव्हाच लिफ्ट बंद पडलेली असते, रिक्षावाला ‘तिकडे नाही जात’ म्हणतो, फोनवर कोणीतरी कर्ज घ्या म्हणून गळ घालते आणि त्याच चौकातला सिग्नल तिसऱ्यांदा लाल होतो. यातले एकही संकट नाही. एरवी माणूस कपाळाला आठी घालून पुढे जातो. मगरिबला वीस मिनिटे उरली असताना मात्र तीच गोष्ट डोक्यात जाते.

यात शरीराचा वाटा मोठा आहे, हे आधीच मान्य करायला हवे. दिवसाला पाच-सहा कप चहा पिणाऱ्याचा चहा एकदम बंद झाला की डोके दुखते. कॅफीन तुटल्यामुळे होणारी ही डोकेदुखी शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते. म्हणजे पहाटे सहेरीला घाईत एक कप घेतला, तर तिची वेळ बरोबर संध्याकाळी भरते. विडी-सिगारेटची सवय असणाऱ्याची चिडचिड त्याहून लवकर, काही तासांतच सुरू होते. शिवाय तरावीह आटोपून झोपायला अकरा-बारा वाजतात आणि चारला सहेरीचा गजर होतो. ही तुटकी झोप महिनाभर चालते.

त्यात घड्याळाची भर पडते. हिजरी वर्ष चंद्रावर चालते, ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तितका अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. रमजान मे-जूनमध्ये होता तेव्हा मुंबईत इफ्तार सव्वासातच्या सुमारास व्हायचा. रोजा लांबलचक, पण ऑफिस सुटल्यावर घर गाठायला थोडी उसंत मिळायची. फेब्रुवारी-मार्चच्या रमजानात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, आणि लोकल तुडुंब भरण्याची वेळही तीच. रोजा सोपा झाला, प्रवास अवघड झाला. मुंब्रा-भिवंडीकडे निघालेल्या कितीतरी चाकरमान्यांचा इफ्तार गाडीतच होतो. तिथे एक चांगली गोष्ट घडते: कोणीतरी खजुराचा डबा उघडतो आणि तो अनोळखी हातांतून फिरत दारापर्यंत जातो. त्यात रोजा नसलेलेही हात असतात.

वेळेवरून होणारी आणखी एक नवी कटकट म्हणजे फॉरवर्ड होऊन आलेले वेळापत्रक. नक्षीदार चौकट, वर चाँद-तारा, खाली कुठल्या तरी दुकानाची जाहिरात, आणि गावाचे नाव मात्र कुठेच नाही. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सुमारे सव्वासहा अंशांचा फरक आहे. अंशाला चार मिनिटे धरली तर हा फरक पंचवीस मिनिटांचा होतो. मुंबईची वेळ पाहून नागपुरात कोणी सहेरी करीत बसला, तर तिथे फजर कधीच सुरू झालेली असते. नागपूरची वेळ पाहून मुंबईत कोणी खजूर तोंडात टाकला, तर सूर्य अजून आकाशात असतो. मग कुटुंबाच्या ग्रुपवर वाद पेटतो आणि एखादा काका रागावून ग्रुप सोडतो. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या भिंतीवर लावलेला कागद मात्र कोणी पाहिलेला नसतो.

पण या वीस मिनिटांचे खरे रूप पाहायचे असेल तर फळांच्या गाडीशी उभे राहावे. पुण्याचा कोंढवा असो, मालेगाव असो की मिरज, चित्र तेच. मगरिबला दहा मिनिटे आहेत. गाडीभोवती पंधरा माणसे, प्रत्येकाच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. कलिंगड, पपई आणि पाव किलो खजूर मिळून १८० रुपये होतात. गिऱ्हाईक स्कॅन करतो, पिन टाकतो, पडद्यावर चक्र फिरत राहते. बँकेचा मेसेज येतो की पैसे कापले गेले. गाडीवरचा साउंड बॉक्स मात्र गप्प.

‘चाचा, गेले पैसे. हा बघा मेसेज.’

‘भाई, डबा बोलला नाही अजून.’

‘डबा बोलत नाही तर मी काय करू? माझे तर कापले गेले ना!’

‘कापले असतील हो, पण इथं आले नाहीत. सकाळपासून दोघं असेच दाखवून गेले.’

हे शेवटचे वाक्य लागते. ‘तुम्ही खोटे बोलताय’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, पण गिऱ्हाइकाला तेच ऐकू येते. चाचांच्या बाजूनेही पाहावे. खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे खरेच असतात, आणि १८० रुपये बुडाले तर ते भरून काढायला किती कलिंगडे विकावी लागतील हे चाचांनाच ठाऊक. दोघांचाही रोजा आहे, दोघेही खरे बोलत आहेत आणि दोघेही एकमेकांना लबाड समजत आहेत. ज्या सर्व्हरने हा गोंधळ घातला तो कुठल्या शहरात आहे, हे दोघांनाही माहीत नाही. कुरआनच्या ‘हुजुरात’ या अध्यायात (४९ : १२) पुष्कळशा संशयापासून दूर राहायला सांगितले आहे, कारण काही संशय हे पाप ठरतात. गाडीभोवतीच्या पंधराही माणसांनी ही आयत कधी ना कधी ऐकलेली असते. पण त्या घडीला ती आठवणे कठीण, कारण अजान कुठल्याही क्षणी होईल.

नियम तसा दोघांच्याही उपयोगाचा आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, यूपीआयमध्ये खात्यातून पैसे गेले आणि समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या भरण्यात ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. म्हणजे पैसे हवेत विरत नाहीत, अडकतात. पण हे परिपत्रक गाडीवर वाचून दाखवता येत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला चाचा ‘घेऊन जा, उद्या बघू’ म्हणतात. अनोळखी माणसाला म्हणत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. रमजानभर खिशात दोन-तीनशे रुपये रोख ठेवणारा माणूस जुन्या वळणाचा वाटेल, पण त्याची संध्याकाळ शांत जाते.

अशा भांडणात एक वाक्य हमखास कानी पडते: ‘माझा रोजा आहे, डोकं फिरवू नका!’

या वाक्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण नोंदलेली आहे की, रोजेदाराशी कोणी भांडू लागला, शिवीगाळ करू लागला, तर त्याने आपला रोजा असल्याचे सांगावे. हे मोठ्याने सांगावे की मनातल्या मनात, यावर जुन्या विद्वानांनी बरीच चर्चा केली आहे. काहींच्या मते ते समोरच्याला ऐकू जावे, म्हणजे तो आवरेल. काहींच्या मते ते स्वतःला ऐकू जावे, म्हणजे आपण आवरू. समोरच्याला दटावण्यासाठी ते वापरावे, हा अर्थ या चर्चेत कुठेच बसत नाही. तो घरात आणि बाजारात तयार झाला आहे. स्वतःच्या तोंडाला लावायचे कुलूप दुसऱ्याच्या डोक्यात मारायला वापरावे, तसा हा प्रकार.

आणि ते कोणाला ऐकवले जाते, हेही पाहावे. साहेबाला कोणी ऐकवत नाही. चलन फाडणाऱ्या पोलिसालाही नाही. ते ऐकावे लागते वॉचमनला, पत्ता न सापडल्याने तिसऱ्यांदा फोन करणाऱ्या डिलिव्हरीच्या पोराला, आणि सर्वांत जास्त बायकोला. ती असरपासून कढईसमोर उभी आहे. तिचीही सहेरी चारला झाली. खरे तर ती तीनलाच उठली होती. नवरा साडेसहाला घरात येतो आणि लिफ्टचा, सिग्नलचा, साहेबाचा सगळा हिशेब ‘चार्जर कुठे ठेवलास?’ या एका प्रश्नात चुकता होतो. तिने उलट ‘रोजा माझाही आहे’ असे म्हटल्याचे क्वचितच ऐकू येते.

हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. लहान वयापासून ते त्यांच्याकडे होते. इतक्या वर्षांत एकदाही वैतागाचा साधा उद्गार ऐकावा लागला नाही, हे का केलेस किंवा हे का केले नाहीस असा जाबही विचारला गेला नाही, असे त्यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. दहा वर्षांत त्या मुलाच्या हातून काही सांडले नसेल, काही विसरले नसेल, असे तर होणार नाही. डिलिव्हरीचा पोरगा दारात फक्त दोन मिनिटे असतो. त्याच्या गाडीच्या डिकीत पाण्याची बाटली आणि दोन खजूर असण्याचीही शक्यता असते, कारण अजान होईल तेव्हा तो कुठल्या तरी पुलावर असेल.

फोनचा त्रास याच जातीचा. कोणाच्या दारी गेल्यावर तीनदा परवानगी मागावी, नाही मिळाली तर निमूट परत फिरावे, ही शिकवणही हदीसमधलीच. कर्जाचा फोन एका दुपारी सहा वेळा येतो. पलीकडच्या मुलीला झापून मन हलके होते, पण नंबर यादीतून जात नाही. अनेकदा नंबर ती लावतही नाही, यंत्र लावते. तिच्यासमोर फक्त नाव उमटते आणि दिवसाचा आकडा पूर्ण करायचा असतो. सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे असे समजून कंपन्यांना मोकळे सोडण्याचेही कारण नाही. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने आणि बँकांसारख्या सेवांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी कर्ज विकत असेल तर १९०९ वर तक्रार करता येते. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत ती करावी. इतर ग्राहक तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रार करायला पाच मिनिटे लागतात, झापायला दोन. म्हणून झापणेच जास्त चालते.

हॉर्नबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. कुरआनात लुकमान आपल्या मुलाला आवाज खाली ठेवण्याचा उपदेश करतात आणि कर्कश आवाजासाठी गाढवाचा दाखला देतात (३१ : १९). मुंबई वाहतूक पोलिसांनी हाच विचार वेगळ्या वाटेने करून पाहिला. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. त्यात काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रे जोडली होती. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न, तितकी थांबण्याची शिक्षा. चित्रफीत देशभर फिरली, लोक खूप हसले आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या सिग्नलवर हॉर्न वाजवू लागले.

एवढे सगळे भुकेच्या आणि चहाच्या माथी मारता आले असते. पण शेवटच्या रोज्याच्या रात्री तेही करता येत नाही. साधारण पंधराव्या रोज्यापासून टेलरच्या दुकानांवर ‘ऑर्डर बंद’ अशी पाटी लागते, आणि त्याच पाटीखालून कापडाची पिशवी आत सरकवणारेही असतात. ‘चाचा, एकच कुर्ता, छोटा आहे, पोराचा.’ चाचा नाही म्हणू शकत नाहीत. मग चाँदरातीला दुकानासमोर दहा-बारा माणसे ताटकळतात. ‘फक्त काज-बटन राहिलंय’ हे वाक्य नऊ वाजता ऐकलेले असते, तेच साडेअकराला पुन्हा ऐकू येते. मध्येच वीज जाते आणि शिलाई मशीनची मोटर थांबते. आता रोजा नाही. इफ्तार होऊन पाच तास लोटले आहेत, बिर्याणी झाली, चहा तीनदा झाला, चाँद दिसल्याच्या मुबारकबादीही देऊन झाल्या. तरी आवाज चढतातच. ‘महिनाभर काय करत होता?’ असे एकजण विचारतो, आणि विचारणारा पिशवी घेऊन आला होता पंचविसाव्या रोज्याला.

टेलर मान वर करत नाही. मोबाइलच्या उजेडात हातानेच काज करत राहतो. त्याच्या स्वतःच्या मुलाचा कुर्ता अजून कापायचा आहे.